फिट दिसते, गोळी दिसत नाही

नमस्कार ताई,

टीव्ही मालिकांमध्ये आजारी माणसं चुकीची दाखवतात, असं मी लिहिलेलं तुम्हाला पटलं नाही. तुमचं म्हणणं असं की मालिका ही करमणूक, बघणाऱ्याला खरं-खोटं कळतं. शिवाय मुलीला फिट येते, म्हणजे फेफऱ्याचा आजार आहे, हे लपवून लग्न लावणं ही फसवणूकच, मग ते भर मांडवात उघडं पडलेलं दाखवलं तर बिघडलं कुठं? वर विचारलंत, तुमच्या मुलाला अशी मुलगी दिली असती तर?

लपवाछपवी वाईट, यात वाद नाही. पण लपवायची वेळ का येते? आपल्या सांगलीत खरं सांगून बघितलेली घरं मला माहीत आहेत. कांदेपोहे होतात, मुलगी पसंत असते, मग तिचे वडील बाजूला घेऊन सांगतात, ‘हिला फिटच्या गोळ्या चालू आहेत.’ दुसऱ्या दिवशी फोन येतो, पत्रिका जुळत नाही. असे फोन येत राहिले की पुढच्या स्थळाला कोण सांगेल?

माझ्या मावसबहिणीनं नाही सांगितलं. तासगावला सासरी ती गोळ्यांची पाकिटं तूरडाळीच्या डब्यात तळाशी ठेवायची. स्वयंपाकघरात सासू-जावा असल्या की डबा उघडता यायचा नाही, गोळी चुकायची. ही गोळी चुकली की फिट येण्याचा धोका वाढतो. तिला आली ती अशीच, गॅससमोर. यातली काही औषधं पोटातल्या बाळाला अपाय करतात, म्हणून दिवस राहण्याआधीच डॉक्टरांकडून बदलून घ्यावी लागतात. चोरून गोळ्या घेणाऱ्या सुनेनं हे कधी आणि कुणाबरोबर जाऊन विचारायचं? नीट देखरेख असली तर बहुतेक जणींची बाळंतपणं सुखरूप होतात हो.

माझा राग इथं आहे. मालिकेत फिट दिसते, तोंडाचा फेस दिसतो, सासूचा चेहरा तीन-तीनदा दिसतो. रोज रात्री जेवणानंतर मुकाट्यानं घेतलेली गोळी दिसत नाही. उपचार मिळाले तर १० पैकी ७ जणांच्या फिट थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हिंदू विवाह कायद्यातूनसुद्धा फेफऱ्याची अडकाठी १९९९ मध्ये काढून टाकली. मालिकांचा मांडव मात्र अजून त्याच कारणावरून मोडतो.

आणि खरं-खोटं कळतं म्हणता, तर सांगली स्टँडवर बघितलेलं सांगतो. एक माणूस फिट येऊन पडला. कुणी नाकाला चप्पल लावली, कुणी मुठीत किल्ली कोंबली, एक जण दातांत चमचा घालायला निघाला. त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली पिशवी द्या, तोंडात काही घालू नका, एवढंच करायचं असतं. चप्पल टीव्हीच्या आधीपासूनची आहे, मान्य. पण घराघरांत रोज पोचणाऱ्या पडद्यानं ती खोडून काढायला नको? शुद्धीवर आल्यावर तो माणूस पहिलं वाक्य बोलला ते, ‘मी प्यायलेलो नाही हो.’

आता तुमचा प्रश्न. माझ्या मुलासाठी अशी मुलगी सांगून आली तर मी विचारीन, शेवटची फिट कधी आली होती, गोळी कुठली चालू आहे, दाखवता कुणाला? आणि दोघांना पसंत असेल तर त्यांना मिरजेला डॉक्टरांकडं बरोबरच पाठवीन.