आय ॲम सॉरी, म्हणे

रविवारी आमच्या कॉलनीच्या स्नेहसंमेलनात मी डॉक्टर होतो. एकच वाक्य, ऑपरेशन थिएटरमधून बाहेर यायचं आणि मान हलवत म्हणायचं, ‘आय ॲम सॉरी.’ मी म्हटलं आणि अख्खा हॉल हसला. पहिल्या रांगेतलं एक पोरगं तर खुर्चीवरून घसरलं. आता हे आपलं इंदूरचं मराठी पब्लिक, सानंद संस्थेचं सभासदत्व घेऊन वर्षभर मुंबईची नाटकं बघणारं, मान्य आहे, पण पेशंट मेलाय हो! वर आमचा दिग्दर्शक, वय असेल सव्वीस, मला म्हणतो, काका, एखादा क्लास करून बघा.

तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून ‘सर्व्हर डाउन आहे’ असं निर्विकार चेहऱ्याने सांगितलंय मी, तो अभिनय नव्हता तर काय होतं?

तरी गेलो. पलासियाला, तिसरा मजला, लिफ्ट बंद. बाहेरच्या बाकावर एक आजी मांडीत पिशवी घेऊन मटार सोलत बसलेल्या.

“नातू कितव्या बॅचला?”

“मीच आलोय.”

त्यांनी मला चपलेपासून टकलापर्यंत बघितलं. “रडून दाखवा बरं.”

का कोण जाणे, मी प्रयत्न केला. जिन्यात, उभ्याउभ्या. आजींचा हात शेंगेवरच थांबला. “हे रडणं नाही, शिंक येता येता राहिली तुमची. हे धरा, सोला,” म्हणून मूठभर शेंगा माझ्या हातात कोंबल्या आणि स्वतः भिंतीकडे बघत हळूच म्हणाल्या, “जाताना बोललेसुद्धा नाहीत हो माझ्याशी...” आवाज असा फुटला की वर येणारा कुरियरवाला थबकला, हेल्मेट काढून म्हणाला, “अम्मा, पानी लाऊँ?” माझ्या घशात आवंढा. मी विचारलं, आजोबांना जाऊन किती दिवस झाले?

“कुठे जातायत? घरी बसलेत, उसळीची वाट बघत. मॉर्निंग वॉकला न बोलता गेले, तेच सांगत होते.” डोळे पुसून लगेच, “पन्नास रुपये किलो, फसवलं का हो मला?”

कुठे शिकलात विचारलं तर म्हणाल्या, सासूच्या तेराव्याला.

मग आत गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, तीन महिने, नवरस, एका रसाचे दोन हजार, एकूण अठरा हजार, जीएसटी वेगळा, म्हणजे एकवीस हजार दोनशे चाळीस. मी म्हटलं, नाट्यशास्त्रात भरताने आठच रस धरलेत, शांतरस मागाहून जोडला गेला, तेवढे दोन हजार कमी करा. ती म्हणाली, सर, पॅकेज आहे. अहो, दिल्लीच्या एनएसडीत, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, तीन वर्षं शिकवतात आणि वर पोरांनाच स्टायपेंड देतात! इथे आपण द्यायचे, आणि वीररसासाठी लाकडी तलवार घरून आणायची! पार्किंगवाल्यानेही वीस घेतले, पावती मागितली तर हसला. ह्या आठवड्यात सगळेच मला हसतायत.

ॲडमिशनचं बघतो, सांगतो म्हणून निघालो. आजींनी जाता जाता आणखी एक ओंजळ सोलून घेतली.

घरी काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. बायकोने विचारलं, इतका वेळ कुठे? मी शांतपणे, चेहरा अगदी काउंटरवरचा ठेवून म्हटलं, पेन्शनच्या कामाला, बँकेत.

तिने माझ्या हिरव्या नखांकडे बघितलं. “हल्ली हयातीच्या दाखल्याला मटार सोलायला लावतात का?”