‘कट्यार’च्या पदांच्या श्रेयाविषयी खुलासा

‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकाची पदे डॉ. वसंतराव देशपांडे यांनीच गायली आणि त्यांनीच चाली बांधल्या, असा संदेश वेंगुर्ला-सावंतवाडीच्या भजनी मंडळांत फिरत आहे. त्यातला पहिला भाग अर्धा खरा आहे, दुसरा साफ चुकीचा. वसंतरावांनी १९६७च्या नाटकातील खाँसाहेब अजरामर केले, पण इतर पात्रांनाही पदे होती आणि चाली पं. जितेंद्र अभिषेकी यांच्या आहेत. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद नाटकातल्या पंडितजींसाठी, म्हणजे खाँसाहेबांच्या प्रतिस्पर्धी गायकासाठी, संथ, ठाय लयीत आणि खाँसाहेबांसाठी आक्रमक, तानांनी पेटलेले बांधणे, म्हणजे दोन घराण्यांचे वैर चालींतूनच उभे करणे, हे संगीतकाराचे काम आहे आणि ते श्रेय त्यालाच मिळायला हवे.

मंगेशीच्या देवळाच्या सावलीत कीर्तनकाराच्या घरी वाढलेले अभिषेकीबुवा पुढे मुंबई आकाशवाणीच्या कोकणी विभागात होते, मैफली गाजवत होते, शिष्य घडवत होते. ‘मत्स्यगंधा’चे संगीतही त्यांचेच.

त्याच संदेशात ‘सूर निरागस हो’ अभिषेकींच्या नावावर टाकले आहे. ते मूळ नाटकात नाही; २०१५च्या चित्रपटासाठी शंकर-एहसान-लॉय यांनी ते संगीतबद्ध केले.