तुम्ही एकटेच ना?

"तुम्ही एकटेच ना?" असे विचारणाऱ्याला उत्तर नको असते, जागा हवी असते, हे मला गेल्या शनिवारी गाण्याच्या कार्यक्रमात नव्याने कळले. पडदा वर जायला अजून अवकाश होता, आतून व्हायोलिनच्या तारा जुळवल्याचा आवाज येत होता, आणि चौथ्या रांगेतल्या, रीतसर पैसे मोजून मिळवलेल्या आसनावर मी नुकताच अंग सैल सोडून बसलो होतो. तेवढ्यात एक गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. चष्मा कपाळावर सरकवलेला, हातात पत्त्यांच्या पानांसारखी पसरलेली पाच तिकिटे, आणि चेहऱ्यावर जगाची घडी आपल्यालाच बसवायची आहे असा जबाबदार भाव.

मी "हो" म्हणताच त्यांना मनापासून आनंद झाला.

"मग बरंच झालं. आमचे चौघे इथे, तुमच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि मी एकटा तिकडे मागे अडकलोय. तुम्ही माझ्या जागेवर जा, म्हणजे आम्ही सगळे एकत्र. तुम्हाला काय हो, तुम्ही कुठेही बसलात तरी एकटेच!"

या युक्तिवादात मला त्या क्षणी कुठेही फट सापडली नाही. मी मान वळवून त्यांची जागा पाहिली. ती सज्जाच्या खाली, शेवटून दुसऱ्या रांगेत आणि एका भरभक्कम खांबाच्या बरोब्बर मागे होती. तिथून मंचाचा एक तृतीयांश भाग कदाचित दिसला असता, आणि त्या भागात संयोजकांनी फुलदाणी ठेवली होती.

"तिथून काही दिसणार नाही," मी म्हणालो.

"गाणं काय बघायचं असतं?" गृहस्थ म्हणाले. "आवाज तर सगळीकडे सारखाच येतो."

हे वाक्य मी सहन करायला हवे होते, पण माझ्याच्याने ते झाले नाही. आवाज सगळीकडे सारखा येत नाही, खालच्या पट्टीतल्या स्वरांच्या लहरी लांब असल्यामुळे त्या खांबाला वळसा घालून मागे पोचतात, वरच्या पट्टीतल्या आखूड लहरींना खांबाची सावली अडवते, शिवाय सज्जाखाली छताकडून परतणारा नाद तोकडा पडतो, असे सगळे मी त्यांना हातवारे करून समजावून सांगितले. त्यांनी ते अत्यंत शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे खालचे स्वर येतात ना?" ते म्हणाले. "मग झालं तर!"

तरीही मी हलत नाही असे दिसल्यावर त्यांनी ठेवणीतले अस्त्र काढले. "अहो, आमच्या हिला माझ्याशिवाय गाणं ऐकायची सवय नाही."

"मला आहे," माझ्या डावीकडच्या बाईंनी मंचावरची नजर न काढता सांगितले.

इथे प्रकरण मिटायला हवे होते. परंतु गृहस्थांनी माझ्या उजवीकडे बसलेल्या भाच्याला उठवून खांबामागे पाठवले (तो ज्या चपळाईने गेला त्यावरून त्याला तिथे निवांतपणे मोबाइल पाहायचा होता, हे उघड होते) आणि स्वतः त्याच्या खुर्चीत स्थानापन्न झाले. आता माझ्या एका बाजूला पत्नी आणि तिच्यापलीकडे सासूबाई, दुसऱ्या बाजूला यजमान आणि त्यांच्यापलीकडे त्यांची बहीण, असे एक संपूर्ण कुटुंब होते आणि त्या कुटुंबाच्या मधोमध मी होतो.

हा चक्रव्यूह योगायोगाने रचला गेला नव्हता. तिकीट काढताना मी आधी कडेपासूनचे दुसरे आसन निवडले होते, परंतु तसे केल्यास कडेची एक खुर्ची एकटी उरते, म्हणून संगणकाने ते नाकारले. एक आसन सुटे राहिले की ते विकले जाणार नाही, अशी भीती बाळगून तिकीटविक्रीची यंत्रणा अशी आखलेली असते. एकटा माणूस कधी तिकीट काढायला येईल, ही शक्यता ती आखणाऱ्याच्या मनाला शिवलेली नाही, आणि तेही नेमके एकटा माणूस समोर तिकीट काढत असताना! अखेरीस दोन्हीकडे दोन-दोन खुर्च्या शिल्लक राहतील असे आसन तिने मला बहाल केले आणि उरलेल्या चार या कुटुंबाने घेतल्या.

गाणे सुरू झाले आणि माझ्यावरून वाहतूकही सुरू झाली. पाण्याची बाटली पूर्वेकडून पश्चिमेकडे गेली. चष्म्याची डबी पश्चिमेकडून आली, ती चुकीची डबी असल्याचे निष्पन्न झाल्यामुळे परत गेली. कोणाच्या तरी साखरपुड्याचे छायाचित्र दाखवण्यासाठी एक उजळलेला मोबाइल माझ्या नाकासमोरून सरकला, आणि सासूबाईंनी "मुलगी उंच वाटते" असा अभिप्राय माझ्यामार्फत कळवला. गायिकेने अतिशय संथ, श्वासागणिक उलगडणारी एक रचना आरंभली तेव्हा यजमान बहिणीला कुजबुजले की हे एकटे आलेत, यांना बोलायला कोणी नाही. मग निव्वळ भूतदयेपोटी ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "घरी कोण कोण असतं?"

गाणे एकट्याने ऐकणे म्हणजे काहीतरी उणे आहे, ही समजूत थोरामोठ्यांचीही होती. सोनी कंपनीचा पहिला वॉकमन १९७९ साली बाजारात आला, तेव्हा त्याला हेडफोन जोडण्यासाठी दोन खाचा होत्या, कारण कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांना एकट्याने संगीत ऐकणे शिष्टाचाराला धरून वाटत नव्हते. दोघांना आपसात बोलता यावे म्हणून त्याला एक बटणसुद्धा दिले होते, ते दाबले की संगीत मंद व्हायचे आणि बोलणे ऐकू यायचे. माझ्या उजवीकडच्या गृहस्थांना मात्र असे कोणतेही बटण लागत नव्हते.

आता शास्त्राचे म्हणणे पाहा. वॉलेस सबाइन नावाच्या हार्वर्डमधल्या प्राध्यापकाने १८९५ पासून सभागृहातला नाद किती वेळ रेंगाळतो याची मोजमापे घेतली. त्यासाठी तो रात्रीच्या शांततेत दुसऱ्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या उचलून आणत असे, ऑर्गनची नळी वाजवत असे आणि घड्याळ लावून बसत असे. एक सर्वसाधारण माणूस साधारण सहा गाद्यांइतका नाद शोषून घेतो, असे त्याला आढळले. माणूस जोडीने आला आहे की एकटा, याने त्या हिशेबात काडीचा फरक पडत नाही. सभागृहाचा नाद सुधारण्याच्या कामी मी माझ्या सहा गाद्यांचा वाटा प्रामाणिकपणे उचलत होतो, आणि तरीही मध्यंतराचे दिवे लागताच यजमान म्हणाले, "तुम्ही बसणारच आहात ना? मग एवढ्या बॅगा जरा बघा."

मी बसणार नव्हतो. मला स्वच्छतागृहात जायचे होते आणि ती गरज पहिल्या संथ रचनेपासूनची होती. पण तोंड उघडेपर्यंत चौघेही रांगेच्या टोकाला पोचले होते आणि माझ्या मांडीवर, पायांपाशी व दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर त्यांचा संसार पसरला होता. थोड्या वेळाने खांबामागून भाचा आला, त्याने फोन चार्ज करायची वायर काढून घेतली, स्वतःची पाठपिशवी त्या ढिगावर ठेवली आणि "थँक्यू काका" म्हणून तोही गेला.

हे हसण्यावारी नेता येते आणि मी नेतोही, परंतु खरे सांगायचे तर मला राग येतो. सवलत असते ती चार तिकिटे एकदम घेणाऱ्याला. काही क्लबांत टेबल मिळते ते किमान दोघांना, आणि एकट्याला कुठल्या तरी खांबाशी उंच स्टुलावर टेकवतात. उभ्याने ऐकायच्या कार्यक्रमात तासभर आधी येऊन मिळवलेली जागा एकदा पाणी प्यायला गेले की कायमची जाते, कारण ती राखायला मागे कोणी नसते. जोडीने आलेल्यांपेक्षा मी पैसे कमी देत नाही आणि टाळ्याही कमी वाजवत नाही. मला कुणाची वाट पाहत कंटाळवाण्या कार्यक्रमात शेवटपर्यंत बसावे लागत नाही, आवडलेली तान शेजाऱ्याला आवडली की नाही याची फिकीर नसते, आणि घरी जाताना डोक्यात गाणेच असते, त्यावरची चर्चा नसते. या सुखासाठीच तर मी एकटा जातो. त्या सुखावर दुसऱ्यांच्या बॅगा ठेवू नयेत, एवढेच माझे मागणे आहे.

उत्तरार्धात गायिका कमालीची रंगली. यजमान झोपले, हे त्यांचे माझ्यावरचे सर्वांत मोठे उपकार होत. शेवटच्या टाळ्यांनी ते जागे झाले, सर्वांत जोरात "वाहवा" त्यांनीच म्हटले, आणि जिन्याच्या तोंडाशी त्यांनी माझा हात धरला.

"पुढच्या महिन्यात इथेच मोठा कार्यक्रम आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी नंबर नसतात, आधी येईल तो बसेल. तुम्ही येणारच असाल, आणि एकटेच असाल, तर जरा लवकर येऊन आमच्या पाच जागा धरून ठेवाल का? तुमचा नंबर द्या बघू."

मी अत्यंत आनंदाने नंबर सांगितला, फक्त त्यातला शेवटचा आकडा बदलला. परंतु गृहस्थ पक्के होते. "मिस्ड कॉल देतो, म्हणजे माझाही नंबर तुमच्याकडे राहील," असे म्हणत त्यांनी तिथल्या तिथे बटण दाबले. पलीकडून कोणीतरी त्रासलेल्या आवाजात "कोण बोलतंय?" असे विचारले, तेव्हा मी जिना अर्धा उतरलो होतो.