‘मॅजिक’ मायेतून आलेला नाही

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. त्यातले दावे तीन: ‘मॅजिक’ हा संस्कृत ‘माया’पासून झाला, इंग्रजांनी तो इथून नेला, आणि ‘जादू’ हा परका फारसी शब्द, तेव्हा मराठी माणसाने तो टाकून द्यावा. संस्कृतबद्दल मनापासून आदर आहे, म्हणूनच तिच्या नावावर काहीही खपवलेलं बघवत नाही.

इंग्रजीत ‘मॅजिक’ फ्रेंचमधून आला. फ्रेंचमध्ये लॅटिनमधून, लॅटिनमध्ये ग्रीकमधून. ग्रीकांचा ‘मागोस’ हा जुन्या इराणी ‘मगु’वरून घेतलेला, आणि मगु म्हणजे तिथले पुरोहित. इराणचा सम्राट दारयवहू (डरायस) याने इ.स.पू. 520च्या सुमारास तिथल्या बेहिस्तूनच्या कड्यावर लेख कोरवला, त्यात राज्य बळकावणाऱ्या गौमात नावाच्या तोतयाला ‘मगुश’ म्हटलंय. या परक्या पुरोहितांचे विधी ग्रीकांना गूढ वाटले, पुढे संशयास्पद वाटू लागले, आणि त्यांचं नाव चेटक्यांना चिकटलं. ‘माये’त तो ‘ग’ कुठून आणणार?

‘मगु’चा वंशज बघायचा तर तो ठाण्यातच आहे. टेंभी नाक्याला पारशांची अग्यारी आहे. पारशी धर्मगुरूला ‘मोबेद’ म्हणतात, आणि हा शब्द ‘मगुपति’ झिजून झालाय. त्यातला ‘पति’ म्हणजे आपल्या ‘सेनापती’तल्या पतीचा सख्खा भाऊ. संस्कृतशी खरं नातं असेल तर ते इथे आहे.

दुसरा दावा तर तारखांपुढेच टिकत नाही. इंग्रज कवी चॉसर हा शब्द चौदाव्या शतकात वापरतो. ईस्ट इंडिया कंपनी निघाली 1600 साली.

राहिला ‘जादू’. तो मराठीत फारसीतून आला, हे खरं. पण त्याचं मूळ जुन्या इराणीतलं, पारशांच्या ‘अवेस्ता’ या धर्मग्रंथातही आढळणारं ‘यातु’, आणि चेटूक याच अर्थाने ‘यातु’ ऋग्वेदातही आहे. सातव्या मंडळात ऋषी कळवळून शपथ घेतो: ‘अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि’, मी चेटक्या असेन तर आजच मरेन. ‘यात्रे’ची आपल्याकडे जत्रा झाली, तसाच इराणातही ‘य’चा ‘ज’ झाला. ज्याला परका म्हणून हाकलायला निघालात, त्याचंच भावंड वेदात बसलंय. आणि मराठीने तो इतका आपलासा केलाय की 2013च्या आपल्या कायद्याच्या नावातही ‘जादूटोणा’ आहे.