शिंक आली की लघवी सुटते, हे आता लिहितेच

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. आमच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुडघे, थायरॉइड, शुगर सगळ्यावर बोलणं होतं, पण यावर चकार शब्द नाही, म्हणून लिहितेय.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेबाला आहे, १२ वर्षं झाली. हळदीचे सौदे जोरात असले की पिवळी धूळ नुसती भरलेली असते, वह्यांवर, कीबोर्डवर, पापण्यांवर सुद्धा. आणि धूळ म्हणजे शिंका. दुसऱ्या बाळंतपणानंतर मला शिंकलं की लघवी सुटायला लागली, आधी थेंबभर, मग कपडे ओले होईपर्यंत. एकदा सौद्याच्या दिवशी समोर शेतकरी पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, घ्यायला उभे आणि मला लागोपाठ चार शिंका आल्या. दीड तास मी खुर्चीवरून उठले नाही, ओढणी मांडीवर ओढून तशाच ओल्या कपड्यात पट्ट्या करत बसले. त्यानंतर काय केलं, तर गडद रंगाचे ड्रेस घ्यायला लागले आणि पाणी तोडलं. सकाळी निघताना अर्धा कप चहा, की संध्याकाळी सहापर्यंत घोटभर पाणी नाही.

इथंच चुकलं माझं, आणि यार्डातल्या कितीतरी बायका आजही हेच करतात. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, पिशवीला झोंबते, मग उलट सारखी सारखी लागते. जळजळ, इन्फेक्शन, त्यात बद्धकोष्ठता, आणि कुंथून कुंथून खालचे स्नायू अजून ढिले. मला दोनदा इन्फेक्शन झालं तेव्हा कुठं मी मिरजेला एका लेडी डॉक्टरकडे गेले. त्यांनी लघवी तपासायला पाठवली, शुगर बघितली, आणि विचारलं, "किती वर्षं अंगावर काढलंत ताई?" सहा म्हणताना मला रडायला आलं.

त्यांनी सांगितलं ते असं, की लघवीची पिशवी आणि गर्भाशय ज्या स्नायूंवर टेकलेलं असतं ते बाळंतपणात ताणले जातात, पुढं पाळी जायच्या वयात अजून सैल पडतात. वजन, जुना खोकला, रोज जड उचलणं, यानं भर पडते. खोकताना शिंकताना पोटातला दाब वाढतो आणि तो ढिला झालेला भाग पेलत नाही. यात लाज कसली? गुडघा दुखला तर आपण व्यायाम करतो की नाही, तसाच याला पण व्यायाम आहे. केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९४८ सालीच तो लिहून ठेवलाय आणि आपल्याला चाळिशी उलटली तरी कुणी सांगत नाही, याचा मला फार राग येतो.

वारा आणि लघवी दोन्ही एकदम रोखून धरल्यासारखं खालून आत-वर ओढायचं, काही सेकंद धरायचं, पूर्ण सोडायचं. असं आठ वेळा, दिवसातनं तीनदा, निदान तीन महिने. पोट आणि कुल्ले आवळायचे नाहीत, श्वास कोंडायचा नाही. मी आधी नुसतं पोटच आवळत होते, फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी चूक दाखवली, म्हणून एकदा कुणाकडून तरी नीट शिकून घ्या. आणि शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. हे जमायला लागल्यावर माझा निम्मा त्रास गेला. सर्दी झाली की अजून थोडं होतं, खोटं सांगणार नाही.

माझ्या बहिणीचं वेगळंच, ती शिक्षिका आहे. शाळेत दिवसभर काही नाही पण घरी येऊन कुलपात किल्ली घातली की धरवतच नाही. हा पिशवीनं घाई करण्याचा प्रकार, त्याला चहा कमी करून जायची वेळ थोडी थोडी लांबवत न्यायची, गोळ्या पण असतात. म्हणून एकीचं औषध दुसरीनं घ्यायचं नाही. लघवीत रक्त आलं, ताप-जळजळ असली तर थांबायचंच नाही.

आमच्याकडं हळद निवडायला एक मावशी येतात. जुन्या लुगड्याची घडी बांधून कामाला बसतात, हे मला मागच्या महिन्यात कळलं. मी माझं सगळं सांगितल्यावर हळूच म्हणाल्या, "माझं तर अंग बी बाहेर येतंय गं, किती वरसं झाली." म्हणजे ही बाई गर्भाशय खाली उतरलेलं असताना उकिडवी बसून दिवसभर हळद निवडतीय! आणि दुकानामागच्या संडासाला आतनं कडी नाही, म्हणून पाणी पीत नाही. १९४८ च्याच कारखाना कायद्यात बायकांसाठी वेगळी सोय पाहिजे असं लिहिलं होतं, मुंबईत बायकांनी २०११ पासून राइट टू पी, म्हणजे लघवीला जायचा हक्क, म्हणून चळवळ केली, आणि इथं कडी बसवायला कुणाला सुचलं नाही.

मी मालकांना सरळ सांगितलं, सगळ्यांसमोर. कडी आणि बल्ब बसला, नळ अजून नाही, या आठवड्यात परत विचारणार आहे. मावशींना घेऊन मंगळवारी मिरजेला जातेय, त्या दिवशी त्यांचा रोज बुडू नये एवढं पण बोलून ठेवलंय. अजून कुणाला यायचं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, कमेंटमध्ये नको वाटत असेल तरी चालेल.