काळे कलाकार पडद्यावर होतेच

मूकपटांच्या काळातल्या अमेरिकन विनोदपटांबद्दल एक मजकूर ग्रुपाग्रुपांत फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: तेव्हा पडद्यावर काळे कलाकार नव्हतेच, गोरे नट तोंडाला काजळी फासून त्यांची कामं करत, काळ्यांनी स्वतः सिनेमे काढले नाहीत, आणि काळच तसा होता, कुणाला काही खटकत नव्हतं. काजळीचं खरं आहे. बाकीचं साफ चूक आहे, आणि ते खरं समजून पुढे पाठवलं जातं याचं मला वाईट वाटतं.

‘नव्हतेच’ म्हणणाऱ्यांनी एडिसन कंपनीचा 1907 चा ‘लाफिंग गॅस’ पाहावा. काही मिनिटांचाच आहे. मुख्य भूमिकेत बर्था रेगस्टस, काळी अभिनेत्री. दात दुखतो म्हणून ती दाताच्या डॉक्टरकडे जाते, तिथे गॅस देतात आणि मग तिचं हसू काही थांबत नाही. ट्राममधले प्रवासी, तिला पकडून नेणारे पोलीस, कोर्टातला न्यायाधीश, जो समोर येईल तो खो-खो हसत सुटतो. शेवटी पडदाभर तिचा एकटीचा चेहरा. काळ्या बाईला विनोदाचा विषय केलंय हे खरंच, पण सगळ्या गावाला हसवत नेते तीच.

काळ्यांनी सिनेमे काढले नाहीत? शिकागोत विल्यम फॉस्टर यांनी 1910 च्या दशकाच्या सुरुवातीलाच स्वतःची कंपनी काढून ‘द रेलरोड पोर्टर’ हा विनोदी लघुपट केला. त्याची प्रत आज उरलेली नाही. प्रत नाही म्हणून माणूसच नव्हता असं कसं म्हणायचं?

‘कुणाला खटकत नव्हतं’ हे तर सर्वांत चीड आणणारं. 1915 मध्ये काळ्यांना रानटी दाखवणारा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा सिनेमा लागला तेव्हा काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने शहरोशहरी विरोध केला. खटकणारे होते. तुमच्या ‘कुणाला’मध्ये ते धरलेलेच नाहीत.

निर्माते हॅल रोच यांच्या 1922 पासूनच्या ‘अवर गँग’ या पोरांच्या विनोदपट-मालिकेचं मात्र सरसकट कौतुक मला जमत नाही. काळी-गोरी पोरं एकत्र हुंदडतात, हे त्या काळी मोठंच. पण त्यातल्या फरिना या काळ्या पोराच्या वाट्याला आलेले कित्येक विनोद आज बघवत नाहीत.

राहिली काजळी. बर्ट विल्यम्स हा त्या काळचा नावाजलेला काळा विनोदी नट. रंगभूमीच्या रिवाजाप्रमाणे तोही जळक्या बुचाची काजळी लावायचा. 1913 मध्ये बायोग्राफ कंपनीने त्याला घेऊन एक विनोदपट चित्रित केला. तो पुरा झालाच नाही. सात रिळं न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये पडून राहिली आणि 2014 मध्ये लोकांसमोर आली. त्यात काजळी लावलेला विल्यम्स एकटाच. भोवतीचे काळे कलाकार आपापल्या चेहऱ्याने, झकपक कपड्यांत, केकवॉक हा ऐटबाज नाच करताना दिसतात. जत्रेत मेरी-गो-राउंडवर विल्यम्स आणि त्यातली नायिका ओडेसा वॉरन ग्रे शेजारी बसून फिरतात. पुढे तो तिचं चुंबन घेतो, साधं, प्रेमाचं. प्रेक्षकाला हसवण्यासाठी तिथे काहीही केलेलं नाही.