आयडब्ल्यूजीपी हेवीवेट किताब : उसनी पत आणि कमावलेली पत

प्रो-रेसलिंगमधील निकाल आधीच ठरलेले असतात, मग त्यातल्या विजेतेपदाच्या इतिहासाला अर्थ तो काय, असे अनेकजण विचारतात. माझ्या मते निकाल ठरलेला असतो म्हणूनच तो कोणी, का आणि कोणाच्या बाजूने ठरवला, हे पाहण्यात खरा अर्थ असतो. न्यू जपान प्रो-रेसलिंग या जपानी संस्थेचा आयडब्ल्यूजीपी (इंटरनॅशनल रेसलिंग ग्रां प्री) हेवीवेट किताब त्यासाठी अभ्यासण्यासारखा आहे.

१९८३ साली या नावाने स्पर्धा सुरू झाली, तेव्हा संस्थापक अंतोनिओ इनोकी अंतिम लढतीत हल्क होगनकडून बेशुद्ध होऊन हरले. जून १९८७ मध्ये मासा सायतोला हरवून ते पहिले विजेते झाले आणि तिथून पुढे हा किताब नियमितपणे पणाला लागू लागला. पुढची दोन वर्षे धामधुमीचीच होती. १९८९ मध्ये व्हेडरच्या रूपाने पहिला परदेशी विजेता झाला आणि महिन्याभरात सोव्हिएत मल्ल सलमान हाशिमिकोव्हने त्याला हरवले.

किताबाचे खरे वजन मात्र ९ ऑक्टोबर १९९५ रोजी टोकियो डोममध्ये दिसले. खऱ्या झुंजीसारख्या शैलीचा अभिमान मिरवणाऱ्या यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनल या प्रतिस्पर्धी संस्थेचा प्रमुख नोबुहिको ताकादा याला विजेत्या केइजी मुतोने ‘फिगर-फोर लेगलॉक’ या प्रो-रेसलिंगच्या जुन्यापुराण्या डावाने शरणागती पत्करायला लावली. आमच्या शैलीला हिणवता काय, असा सवालच जणू त्या डावातून विचारला गेला. (तीनच महिन्यांनी ताकादाने मुतोला हरवून किताब जिंकला, हेही खरे.)

मात्र मिश्र मार्शल आर्ट्सची लोकप्रियता वाढली, तशी इनोकींना बाहेरच्या दबदब्याची भूल पडली. २००४ मध्ये मिश्र मार्शल आर्ट्समधून आलेल्या बॉब सॅपला आणि २००५ मध्ये अमेरिकेच्या डब्ल्यूडब्ल्यूईतून आलेल्या ब्रॉक लेस्नरला किताब दिला गेला. सॅपने काही महिन्यांतच तो सोडला. लेस्नरकडून तो २००६ मध्ये काढून घेतला गेला, पण पट्टा त्याच्याजवळच राहिला. २००७ मध्ये इनोकींच्याच नव्या संस्थेच्या कार्यक्रमात कर्ट अँगलने त्याला हरवून तो पट्टा मिळवला. एकाच किताबाचे दोन दावेदार अशी ही नामुष्की फेब्रुवारी २००८ मध्ये न्यू जपानचा अधिकृत विजेता शिन्सुके नाकामुराने अँगलला हरवल्यावरच संपली.

याच काळात पडझड सावरण्याचे काम हिरोशी तानाहाशीने केले. सुरुवातीला प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत, तरीही तो आठ वेळा विजेता झाला आणि २०११मध्ये सुरू झालेल्या विजेतेपदाच्या कारकिर्दीत त्याने ११ वेळा किताब राखला. काझुचिका ओकादाचे ७२० दिवसांचे विजेतेपद (२०१६ ते २०१८) मला त्याच मेहनतीवर उभे असलेले दिसते.

म्हणूनच मार्च २०२१ मध्ये हा किताब आणि न्यू जपानचाच दुसरा, इंटरकॉन्टिनेंटल किताब एकत्र करून, कोता इबुशीला ‘वर्ल्ड हेवीवेट’ या नव्या किताबाचा पहिला विजेता ठरवण्याचा निर्णय मला पटला नाही. इंटरकॉन्टिनेंटल बंद करून जुन्याच वंशावळीत इबुशीचे नाव पुढे चालू ठेवता आले असते. इनोकी, मुतो, तानाहाशी यांच्या यादीखाली रेघ ओढण्याची मुळीच गरज नव्हती.